किटलीला भोक होतं

सांगलीच्या यार्डात हळदीचा भाव
तोंडानं कुणी सांगत नसे.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर एक पंचा.
पंच्याखाली बोटं बोलायची,
वर चेहरे असे, जणू दोघं एसटीची वाट बघतायत.
आणि तरी माझी दुसरी फेरी निघायच्या आत
गेटवरच्या पानवाल्याला आकडा माहीत असायचा,
चार-आठ आण्यांच्या फरकानं.

कसा, ते मला विचारा.
मी दस्तगीर. तेव्हा तेरा वर्षांचा, हातात किटली.
आवटींच्या पेढीवर सौदा जमला
की दिवाणजी दोन बोटं वर करायचा: स्पेशल.
फिसकटला की साधा,
तोही पाच जणांत तीन.
मी कुणाला काही सांगत नव्हतो, अल्लाची शपथ.
फक्त पुढच्या दारात कप मांडताना
माझ्याकडं किती उरले, ते दिसायचं.
तवनाप्पा हमाल पोत्याखालून तेवढंच बघायचा.
तवनाप्पाकडून काट्यावर, काट्यावरून हातगाडीला,
हातगाडी गणपती पेठेत,
तिथून हरिपूरच्या टांग्यात.
घोड्याला तेवढं कळत नसावं.

मग तो बुधवार.
किटलीला बुडाशी भोक पडलं.
निम्मा चहा शेट्टींच्या उंबऱ्यावर सांडला,
उरलेला तिथंच संपला,
आणि आवटींची पेढी गाळून
मी डाग लावायला गेलो.
एवढंच.

दहाला सिदराम म्हणाला, आवटींकडं आज चहा न्हाई.
थोड्या वेळानं, चहावाल्यानं उधारी तोडली.
मग, उधारी काय एकट्या चहावाल्याचीच थकलीय व्हय?
दुपारी हरिपूरच्या वाटेवर बायका सांगत होत्या
आवटींच्या पेवात पाणी शिरलं,
हळद कुजली सगळी.
वास आला, असंही एक म्हणाली.
तिला खरंच आला असेल.

भुजगोंडा आवटी शहाणा माणूस.
त्यानं शहाण्यासारखी चूक केली,
खरं काय ते दाखवायचं ठरवलं.
दुसऱ्या दिवशी चारचौघांना नेऊन पेव उघडलं.
माती सारली, फरशी सारली,
दोरीनं कंदील आत सोडला.
कंदील विझला तर खाली हवा वाईट, माणूस उतरत नाही.
कंदील जळत राहिला.
वर आलेली हळद खडखडीत,
मोडली की टक्‌ वाजणारी, आत केशरी.
सगळ्यांनी बघितली, हुंगली, मान डोलावली.
आणि परतताना टांग्यात कुणीतरी म्हणालं,
काही असल्याबिगर
भर पावसाळ्यात पेव उघडतंय का कोण?

शुक्रवारी पट्टीचे पैसे मागायला
सगळे एकदम आले.
एकदम मागितलं तर देवालाही देता येत नाही.

मी डाग लावलेली किटली घेऊन गेलो.
सात कप मांडले, स्पेशल. प्यायला कुणी नव्हतं.
भोक सांगायचं होतं, डाग दाखवायचा होता.
तोंडातून 'शेट' एवढंच निघालं.
त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि खाली माझी बोटं धरली.
आधी तीन.
मग नुसती करंगळी, जरा जास्त वेळ.
मग अख्खी मूठ.

ती भाषा मला येत नव्हती. मी कप मोजणारा.
तेव्हापासून किती अडत्यांना विचारलं.
एक म्हणाला, भाव होता, पडेल किमतीचा.
एकानं सांगितलं, शिवी होती.
म्हाताऱ्या मगदुमानं डोळे मिटून
माझ्याकडून तीन वेळा करून घेतलं,
मग हात सोडला
आणि चहा मागवला. साधा.

आता यार्डात भाव पडद्यावर येतो, लाल आकड्यांत.
पंचे फक्त घाम पुसतात.
भोकाचं मी आजवर कुणाला बोललो नाही.
तुम्हालाच पहिलं सांगतोय,
कुणाला सांगू नका,
म्हणजे संध्याकाळपर्यंत गेटवर पोचेल.